कागदावरची साठी

माझ्या वडिलांना अरबी फाडफाड बोलता यायची, पण वाचता अजिबात येत नसे. मस्कतच्या गाला भागातल्या ज्या गॅरेजमध्ये ते सुपरवायझर होते, तिथे ट्रक घेऊन आलेल्या ड्रायव्हरांशी ते अर्धा अर्धा तास अरबीत भांडायचे आणि शेवटी त्यांच्याबरोबरच कहवा प्यायला बसायचे. फोनवर तर समोरच्याला ते ओमानीच वाटत. त्याच ट्रकच्या कागदावर काय लिहिलंय, हे मात्र त्यांना दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागे. मी आठवीत असताना एका शुक्रवारी सकाळी ते माझी अरबीची वही घेऊन डायनिंग टेबलाशी बसले आणि म्हणाले, "चल, मला शिकव."

आमच्या इंडियन स्कूलमध्ये अरबी ही तिसरी भाषा होती आणि ती मी मार्कांपुरती शिकत होते. पप्पांना ती कशाला हवी, हे मला कळेना. ते म्हणाले, "अर्ज करायचाय. इथल्या नागरिकत्वाचा."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "ज्यांना करायचाय त्यांनी करावा. मी माझा पासपोर्ट देणार नाही."

नव्वदच्या दशकात मस्कतमध्ये राहणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांना एक गोष्ट पाठ असे. साठी झाली की व्हिसा सहसा वाढवून मिळत नाही. कितीही वर्षं राहिलेलं असो, सामान बांधायचं आणि निघायचं. नागरिकत्व फार थोड्यांना मिळतं हेही सगळ्यांना माहीत होतं. आमच्या कानावर आलेल्या अटी अशा होत्या, की सलग वीस वर्षं राहिलेलं असलं पाहिजे, अरबी लिहिता-वाचता आली पाहिजे आणि जुना पासपोर्ट सोडायची तयारी पाहिजे. पप्पांनी त्यातली पहिली अट मनातल्या मनात मोजायला घेतली होती आणि दुसरीसाठी मला पकडलं होतं. तिसरीबद्दल ते आईसमोर मूग गिळून बसायचे.

त्यांना इथेच का राहायचं होतं, हे मी एकदा गाडीत विचारलं. आमचं गाव चिपळूणजवळचं, घर बौद्धवाडीतलं. पप्पा डिप्लोमा होऊन मुंबईला नोकरीला लागले, तिथेही ऑफिसातली माणसं आधी आडनाव विचारायची आणि मग गाव. दोन्ही सांगून झालं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर हिशेब जुळल्याचं दिसायचं. "इथे मी हिंदी," पप्पा म्हणाले. ओमानी लोक भारतीय माणसाला हिंदी म्हणतात. "हिंदी म्हटलं की संपलं. कुठला हिंदी, कुणाच्या घरातला हिंदी, कुणाला पडलेली नाही. असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं माझं."

मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते. मला त्यातलं फारसं काही समजलं नाही, आणि मी रेडिओ लावला.

शिकवणी मात्र मी जोरात घेतली. मुळात मी तापट, त्यात वडिलांवर अधिकार गाजवायची संधी कुठल्या मुलीला मिळते? ते पेन्सिलने अक्षरं काढायचे ती मशीनचं ड्रॉइंग काढल्यासारखी, मापात. पण सवयीने डावीकडून सुरुवात करायचे, आणि शब्द शेपटापासून डोक्यापर्यंत उभा राहायचा. मी तो खोडून दहा वेळा लिहायला लावायचे. मस्कतमध्ये सगळ्या पाट्या अरबी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, त्यामुळे ते हळूच इंग्रजी वाचून अरबी वाचल्याचा आव आणायचे. मग मी दुधाचं खोकं टेबलावर ठेवून त्याची इंग्रजी बाजू हाताने झाकायचे. ते म्हणायचे, "अगं, पोलिसात भरती हो तू."

बदल्यात ते माझं मराठी तपासायचे. आम्ही मुलं शाळेत एकमेकांशी इंग्रजीच बोलायचो, त्यामुळे माझं मराठी अडखळत चालायचं. मी "अंघोळ घेतली" म्हटलं, की ते विचारायचे, "कुठल्या दुकानातून?" मला असा राग यायचा. आज मी मराठीत लिहिते आहे ती त्या टेबलामुळे, शाळेमुळे नव्हे. हे त्यांना कधी सांगितलं नाही, त्याचं वाईट वाटतं.

गॅरेजचे मालक इब्रा गावचे होते. आम्ही सगळेच त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत असू. ईदला ते आम्हाला घरी बोलवायचे. एकदा बुधवारी गेलो होतो, तेव्हा अर्बाबच्या बायकोने आईला आणि मला तिथल्या बायकांच्या बाजारात नेलं. तिथे बुधवारी विकणाऱ्या बायका आणि घेणाऱ्याही बायकाच. पुरुषांनी बाहेर थांबायचं. पप्पा आणि अर्बाब दोघंही एका भिंतीच्या सावलीत उकिडवे बसून राहिले आणि आम्ही दीड तासाने बाहेर आलो. आईने अरबी येत नसताना घासाघीस करून कापड घेतलं होतं आणि ती इतकी खूश होती की परतीच्या वाटेवर म्हणाली, "राहायला वाईट नाही हो हे." पप्पांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. त्या वाक्यावर त्यांनी पुढची दोन वर्षं काढली.

चार वर्षांत पप्पा सावकाश पण नीट वाचायला लागले. अर्बाबने त्यांच्याकडून पेपरमधला एक अख्खा परिच्छेद वाचून घेतला आणि म्हणाले, "यल्ला, आता नागरिकत्वाच्या ऑफिसात जाऊन विचारून येऊ." माझी बारावी नुकतीच झाली होती, म्हणून मीही बरोबर गेले.

काउंटरवरचा अधिकारी तरुण आणि अदबशीर होता. त्याने अर्बाबला सलाम केला, पप्पांचा पासपोर्ट उघडला आणि विचारलं, "वीस वर्षं कधी पूर्ण होतात?" पप्पांनी सांगितलं. त्याने बोटांवर मोजलं आणि मान हलवली. "त्याच्या चौदा महिने आधी तुम्ही साठ वर्षांचे होताय."

पप्पा हसले. "मी सत्तावन्नचा आहे."

"इथे एकोणसाठ आहे. पुढच्या एक जूनला साठ."

पप्पांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांना आपली पासपोर्टवरची तारीख माहीत नव्हती असं नाही. पण आमच्या घरात त्या तारखेला कुणी जन्मतारीख मानतच नव्हतं. आजी सांगायची, की फणसाचं झाड पडून घराची पडवी मोडली त्याच्या दुसऱ्या वर्षी हा झाला, आणि पप्पांनी आपलं वय आयुष्यभर त्या फणसापासून मोजलं. साठीला अजून तीन वर्षं आहेत, तोवर वीस पुरी होतात, असा त्यांचा पक्का हिशेब होता. एवढे डोळ्यांत तेल घालून व्हिसाच्या तारखा सांभाळणारा माणूस, पण आपलं सरकारी वय एकदाही मोजून बघितलं नव्हतं.

अधिकाऱ्याने पप्पांनी सोबत आणलेला आईचा पासपोर्टही उघडला आणि थबकला. तिचाही जन्म एक जूनचा. वर्ष वेगळं, पण दिवस तोच. त्याने दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवले आणि हळूच विचारलं, "तुमच्या देशात सगळे एकाच दिवशी जन्मतात?"

मग पप्पांनी त्याला आपल्या अस्खलित अरबीत सगळं समजावलं. गावात जन्मतारखा कुणी लिहून ठेवत नसे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, तेव्हा मास्तर ज्याला त्याला एक जून देऊन टाकायचे. आणि वर्ष कसं ठरवायचं? पप्पांनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरून दाखवला. ज्याचा हात कानाला पोचला तो सहा वर्षांचा. पप्पा पहिल्यापासून उंच, त्यांचा हात चौथ्या वर्षीच पोचला. काउंटरपलीकडचे दोघंतिघं काम सोडून ऐकायला आले होते. एकाने स्वतःचा कान धरून बघितला. अर्बाब तर डोळे पुसेपर्यंत हसले.

अधिकारीही हसला, पण पासपोर्ट परत देताना गंभीर झाला. कागद हा कागद असतो, म्हणाला. आधी पासपोर्टमधली तारीख बदलून आणा, आणि ज्या सरकारी नोंदीवरून बदलली तिचं अरबी भाषांतर जोडा. ऍफिडेव्हिट चालणार नाही, जन्माच्या वेळची नोंद पाहिजे. मग वीस वर्षं झाली की या, इन्शाल्ला.

पप्पांनी त्याच दिवशी गावी काकांना फोन केला. शाळेच्या दाखल्याचा उपयोग नव्हता, चूक तिथेच तर झाली होती. पण जुन्या काळी गावातले जन्म-मृत्यू कोतवाल बुकात लिहिले जायचे आणि ती बुकं तहसील कचेरीत असायची. काकांनी महिनाभर खेटे घातले आणि उतारा काढला. सुट्टीवरून परतणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने तो आणून दिला. फणसाचा हिशेब बरोबर निघाला. पप्पा शाळेच्या दाखल्यापेक्षा जवळजवळ दोन वर्षांनी लहान होते. आईने त्या दिवशी शिरा केला आणि पासपोर्टबद्दल एक अक्षर काढलं नाही.

उतारा मी वाचला. त्यात पप्पांचं नाव नव्हतं, कारण बारसं व्हायच्या आधीच नोंद व्हायची. तारीख, आजोबांचं नाव, त्यापुढे जात, त्यापुढे "मुलगा". एवढंच.

पासपोर्टमधली तारीख बदलायला भारतीय वकिलातीत जाण्याआधी भाषांतर करून घेऊ म्हणून आम्ही रुवी भागातल्या एका लहानशा ऑफिसात गेलो. तिथे एक वयस्कर सुदानी गृहस्थ टाइप करायचे. फार गोड माणूस. आम्ही केलेला इंग्रजी तर्जुमा त्यांनी समोर ठेवला, दोन ओळी भराभर टाइप केल्या आणि जातीच्या शब्दावर बोट ठेवून थांबले.

"हे काय? तुमचा कबीला?"

ओमानमध्ये माणसं आपल्या कबील्याचं नाव छाती काढून सांगतात. त्यांनी त्याच आदराने विचारलं होतं. पप्पा म्हणाले, "तसंच काहीतरी."

"मोठा आहे?"

"मोठा आहे."

"मग याचा अर्थ सांगा, मी कंसात लिहितो. नुसता शब्द लिहिला तर ऑफिस विचारेल आणि कागद परत पाठवेल. काय काम करायचे तुमचे लोक? गावात त्यांचं स्थान काय?"

त्यांची बोटं टाइपरायटरवर वाट बघत होती. मी पप्पांकडे बघितलं. ट्रक ड्रायव्हरांना निरुत्तर करणारे, कान धरून अख्खं ऑफिस हसवणारे माझे वडील, त्यांना शब्द सापडत नव्हता.  मग त्यांनी हात पुढे करून उतारा अलगद उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"खलास," ते म्हणाले. "नको. माफ करा, तुमचा वेळ घेतला."

गाडीत मी त्यांच्यावर तुटून पडले. "काहीतरी सांगायचं ना! शेतकरी म्हणायचं. एवढ्या वर्षांची मेहनत, आणि एका शब्दासाठी सोडून देताय?"

त्यांनी गाडी बाजूला घेतली. "लाज वाटत नाही मला त्याची," ते म्हणाले. "जातीच्याच दाखल्यावर स्कॉलरशिप घेऊन शिकलो. खोटं सांगायचं असतं तर मुंबईतच सांगितलं असतं." मग म्हणाले, "एका शब्दापायीच तर इथे आलो होतो ग. वीस वर्षं होत आली, कुणी विचारलं नाही. आता मीच अर्थासकट लिहून देऊ, शिक्का मारून?"

मी आणखीच चिडले. महिनाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांनी थोडासा स्वाभिमान गिळला असता तर आम्ही राहिलो असतो, असं मला तेव्हा वाटायचं. आज तसं वाटत नाही. पण मस्कतचं ते घर, संध्याकाळी डोंगरांवर उतरणारा तांबूस उजेड, शुक्रवारचं रिकामं गाला, हे सगळं माझंही होतं आणि ते गेलं. आईने अर्बाबला परस्पर विनंती केली. अर्बाबने मुदत वाढवून मागितली, ती मिळाली नाही. सामान बांधताना सगळ्यात जास्त रडली ती आईच.

मे महिन्याच्या शेवटी मी पप्पांबरोबर गॅरेजमध्ये गेले. सरकारी कागदपत्रांची कामं करणारा कंपनीचा ओमानी माणूस नोकरी संपल्याचा फॉर्म भरत होता. "कारण" या रकान्यापाशी आल्यावर त्याने पप्पांकडे बघितलं. त्यालाही सगळी हकीकत माहीत होती.

पप्पांनी त्याच्या हातातून पेन घेतलं. उजवीकडून सुरुवात करून, न थांबता, सुरेख अरबी अक्षरात त्यांनी लिहिलं, "वय झालं."

ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्या माणसाने फॉर्म वाचला, शिक्का मारला आणि आम्ही घरी आलो.