तोंडात टाचण्या

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी 'अगंबाई!' करायला नको. माझे वडील बहिरे नव्हते. त्यांचे कान ठणठणीत होते, आजही आहेत. पण माझं अख्खं लहानपण ते बहिरे म्हणून वावरले, बाहेर आणि घरातही, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

ते शिंपी. छावणीच्या फाटकासमोरच्या गल्लीत आमचं दुकान, दुकानामागे एक पडदा, आणि पडद्यामागे दोन खोल्यांचं घर. तेव्हा देशावर लष्कराचं राज्य होतं. साहेब लोक गणवेश शिवायला बाबांकडेच यायचे, कारण हात चांगला आणि मुख्य म्हणजे कान नाहीत. माप देणाऱ्या माणसाला नुसतं उभं राहायचं असतं. करायला काही नसलं की माणूस बोलतो. त्यात दोन साहेब एकदम आले की विचारूच नका. कुणाला उचलायचंय, कुठल्या रस्त्याने गाड्या जाणार आहेत, सगळं बाबांच्या डोक्यावरून चालायचं, आणि बाबा खाली गुडघ्यावर बसून पँटची घडी सारखी करत असायचे. ओठांत टाचण्या. एक काढायची, टोचायची, दुसरी काढायची. कामावर असताना मी त्यांचं तोंड रिकामं कधी पाहिलंच नाही.

ऐकलेलं सगळं चिंध्यांबरोबर बाहेर जायचं. कापडाचे तुकडे न्यायला एक वाकलेला म्हातारा यायचा, त्याला आम्ही चिंधीवाला म्हणायचो. राज्य उलथवायला निघालेल्या लोकांचा तो माणूस. त्या दोघांचं कसं जमायचं, काय खाणाखुणा होत्या, हे बाबा मला अजून सांगत नाहीत. मरा म्हणावं, नका सांगू.

लहानपणी तापात कान गेले, अशी गोष्ट त्यांनी पसरवली होती. त्यामुळे बोलायला हरकत नव्हती. पण बोलायचे ते मोठ्याने आणि सपाट, स्वतःचा आवाज न ऐकणाऱ्या माणसासारखं. घरात कायदा एकच, बाबांना हाक मारायची नाही, पाय आपटायचा. जमीन फळ्यांची होती. हादरा बसला की ते वळायचे. आईचा एक ठोका, माझे दोन. आईला सगळं ठाऊक होतं. लग्नानंतर थोडे दिवस दोघं मोकळेपणी बोलली असतील नसतील, मग इथे दुकान मांडलं, आणि त्या शिदोरीवर बाईने उरलेला संसार काढला. भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्याकडे भिंतींपेक्षा माझी भीती जास्त होती. मला कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं असतं, इतकी मी तोंडाची फटकळ. बाबा मला 'टकळी'च म्हणायचे. बहिऱ्या माणसाला ही पोर बडबडी आहे हे कसं कळलं, असं कुणाच्या मनातही आलं नाही. ओठ हलताना दिसतात की, असं मी धरून चालले होते.

एकदाच बाबा चुकले. मी मैत्रिणीला घेऊन दुकानात बसले होते आणि तिला सांगत होते की मला निळा कोट हवाय, मोठ्या खिशांचा, पण आमच्या बहिरोबाला सांगणार कोण? असंच म्हणाले मी, त्यांच्यासमोर, हसत हसत. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर खुंटीला निळा कोट. मोठ्या खिशांचा. मी नाचायलाच लागले. आईने कोट बघितला आणि तिचा चेहरा उतरला. ती मला म्हणाली, "तू सांगितलंस का त्यांना? खुणा करून? पाटीवर लिहून?" मी नाही म्हटलं. आईने तिथल्या तिथे कात्री घेतली, कोट उसवला आणि त्याचे उशांचे अभ्रे शिवून टाकले. मी भोकाड पसरलं. बाबा मशीनवर मान खाली घालून बसले होते. खिसे मात्र आईने काढले नाहीत, कापड वाया जाईल म्हणून. आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं उशांना खिसे होते, आणि पाहुणे विचारायचे, हे कशाला? आई म्हणायची, स्वप्नं ठेवायला. चांगलीच हजरजबाबी होती माझी आई.

आता बोटाचं सांगते. त्याच्याशिवाय बाकी सगळं सांगण्यात अर्थ नाही.

साहेबांत एक होते, त्यांना आम्ही मिशाळ म्हणायचो. इतरांना बाबांच्या बहिरेपणाची खात्री होती, यांना नव्हती. बाबांच्या पाठीमागे मध्येच कात्री पाडायचे. कानाजवळ टाळी वाजवायचे. "मास्तर, मानेवर गांधीलमाशी बसलीय," असं अगदी सहज म्हणायचे. बाबा ढिम्म. त्या दिवशी मिशाळ आरशासमोर उभे होते आणि बाबा त्यांच्या कॉलरला टाचण्या लावत होते. आई बाजारात गेली होती. मी पडद्याआडच्या मशीनवर, हात लावू नकोस म्हणून सांगितलेल्या मशीनवर, बाहुलीचा झगा शिवत होते. पायडल जोरात बसलं आणि सुई माझ्या बोटातून आरपार गेली. नखातून आत, खालून बाहेर. हात अडकला. हलवला की कळ मस्तकात. पाय आपटायचं भानच राहिलं नाही. मी ओरडले, "बाबा! बाबा! बाबा!"

पडदा अर्धा उघडा होता. मला बाबांची पाठ दिसत होती. हात लांब केला असता तर शिवता आली असती, इतकी जवळ. ती पाठ हलली नाही. त्यांनी कॉलरला आणखी एक टाचणी लावली. आरशातून मिशाळ माझ्याकडे बघत नव्हते, बाबांच्या तोंडाकडे बघत होते. बघतच राहिले. मी किंचाळत होते आणि त्या दुकानात दोन पुरुष पुतळ्यासारखे उभे होते.

शेवटी मिशाळच आले. अडकलेली सुई काढायची तर चाक उलटं फिरवायचं असतं. त्यांना काय माहीत! त्यांनी सुलटं फिरवलं आणि सुई पुन्हा एकदा आत घुसली. शिंप्याने एका क्षणात काढली असती. मग त्यांनी स्वतःचा रुमाल माझ्या बोटाला गुंडाळला, मला कडेवर घेतलं आणि बाबांसमोर नेऊन धरलं. तेव्हा बाबांनी 'पाहिलं'. तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि हात पसरले. मी त्यांच्याकडे गेले नाही. मिशाळांच्या गळ्यालाच चिकटून राहिले. त्या दिवसानंतर मिशाळांनी कात्री पाडली नाही.

घरात मग निराळंच नाटक. मी बोट धरून विव्हळतेय आणि बाबा जेवेनात. नुसतं दूध घ्यायचे, तेही गार, वाटी ओठाला लावून हळूहळू. आई म्हणाली, त्यांची दाढ दुखतेय. मी म्हटलं, वा रे वा, बोट माझं फुटलं आणि दाढ यांची दुखते! माझं ते नख अजून दुभंगलेलं आहे.

पुढे मी मोठी झाले, आणि एके दिवशी ते राज्य पडलं. गल्लीत लोक ताटं बडवत होते, फाटकावरचं निशाण उतरवलं होतं, आणि बाबा इस्त्री करत होते. दाराशी एक गाडी थांबली. आतून चिंधीवाला उतरला. ताठ कण्याचा, चांगल्या कपड्यातला, वाकलेपणाचा मागमूस नाही. तो बाबांच्या पाठीमागे उभा राहिला आणि साध्या आवाजात म्हणाला, "मास्तर, आता ऐकलंत तरी चालेल."

आणि बाबा वळले.

मी दारातच होते. सगळं कळायला मला एक श्वास पुरला. बाबा चिंधीवाल्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते, आई भिंतीला टेकून खाली बसली होती, बाहेर ताटं वाजत होती, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट, माझा बाप परक्या माणसाच्या आवाजाला वळला. माझ्या नाही. लोकांनी त्यांचा सत्कार केला, मोठमोठी भाषणं झाली. मिशाळ तुरुंगात गेले, आणि ते कुणाच्या कानांमुळे हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्यांचा रुमाल आठवत होता.

कान परत मिळाले म्हणून घर काही परत मिळालं नाही. बाबांना हळू बोलता येईना. आवाज बारीक करायला गेले की फुटायचाच नाही. आई हौसेने पाठीमागून "अहो" म्हणायची, ते वळायचे नाहीत, ती हसायची आणि पाय आपटायची. शेवटच्या आजारपणात तिच्यात पाय आपटायची ताकद उरली नव्हती. ती पडल्या पडल्या "अहो, अहो" म्हणत राहायची आणि बाबा खिडकीशी पाठ करून बसलेले. मी स्वयंपाकघरातून धावत यायचे आणि त्यांना खांद्याला धरून हलवायचे. कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "कान तुमच्यापेक्षा चांगले आहेत, बाई." मी म्हटलं, मग काय जाळायचेत?

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. त्यांना सकाळी फिरायला जायचं असतं, आणि रस्त्यावर हॉर्न वाजला तरी हा माणूस बाजूला होत नाही. पाठीमागून आलेल्या आवाजाला वळायचं नाही हे अंगात मुरलंय. म्हणून मी बाही धरून सोबत जाते, आणि चालता चालता विचारते. दर वेळी तेच विचारते. "त्या दिवशी माझी हाक ऐकली होतीत का?" ते दर वेळी म्हणतात, "जाऊ दे गं." वळले असते तर आम्ही तिघं संपलो असतो, चिंधीवाला संपला असता, एवढी अक्कल मला आहे. ती सबब मला नकोच होती. ऐकून टाचणी लावत राहिले की मन मारून मारून खरंच ऐकू येईनासं झालं होतं, एवढंच कळायला हवं होतं. आणि आयुष्यात एकदा, एकदाच, मी मागून हाक मारावी आणि त्यांनी वळून बघावं. मी अजूनही त्यांच्या पाठीमागे मुद्दाम वाटी पाडते. मिशाळांत आणि माझ्यात आता काय फरक राहिला?

परवा मंडईमागच्या गल्लीतून चाललो होतो. टेम्पो माल उतरवत होते. मी विचारलं, ते म्हणाले, "जाऊ दे गं." माझं डोकंच फिरलं. "नेहमीचंच! जा एकटे!" असं म्हणून मी बाही सोडली आणि तिथेच उभी राहिले. ते गेले पुढे. तेवढ्यात कडेचा एक टेम्पो मागे येऊ लागला, थेट त्यांच्यावर. हॉर्न वाजत होता. हमाल ओरडत होते. बाबा आपल्या चालीने चाललेले.

मी ओरडले, "बाबा! बाबा!"

नाही वळले. पाऊलसुद्धा चुकलं नाही.

कशी पोचले मला माहीत नाही. मी त्यांना धरून ओढलं आणि आम्ही दोघं रिकाम्या खोक्यांवर कोसळलो. टेम्पो हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर खाली उतरून तोंडाचा पट्टा सोडू लागला, "म्हातारा बहिरा आहे का?"

"हो, बहिरे आहेत!" मी म्हटलं. लहानपणापासून म्हणत आलेय, तसंच तोंडातून गेलं.

मग मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून रक्त येत होतं. डोकं आपटलं की काय म्हणून मी चाचपलं, कुठे खोक नाही. जबडा गच्च आवळलेला. "तोंड उघडा," मी म्हटलं. उघडेनात. "बाबा, उघडा म्हणते ना!" त्यांनी उघडलं. जीभ दातांखाली चावली गेली होती, चांगली खोलवर. आणि त्या ताज्या जखमेच्या बाजूला जुने पांढरे वण होते. बारीक बारीक, टोचल्यासारखे. जिभेवर, आणि ओठाच्या आतल्या बाजूलाही.

मला ती गार दुधाची वाटी आठवली. ती दाढ आठवली.

ते माझ्या दुभंगलेल्या नखावरून अंगठा फिरवत होते. मग बोलले, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या बापाचा आवाज हळू आला.

"आज टाचण्या नव्हत्या तोंडात," ते म्हणाले. "आज एवढं नाही लागलं."

हमालांनी आम्हाला उठवलं. मी त्यांची बाही धरली आणि रस्ताभर तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. घरी आल्यावर दूध तापवलं, गार केलं आणि वाटी त्यांच्यासमोर ठेवली.