अण्णांना पसंत न पडलेल्या गाड्या

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. आयुष्यभर त्यांनी गाडी चालवली, पण स्वतःची गाडी काही घेतली नाही. डेपोला जायचं तेही एसटीनं आणि घरी यायचं तेही एसटीनं. "एवढी मोठी गाडी सरकारनं दिलीय, आनखी कशाला पायजे?" असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

कंडक्टरनं घंटीची दोरी एकदा ओढली की गाडी थांबवायची, दोनदा ओढली की सोडायची, हा त्यांच्या धंद्याचा नियम. "बेल न्हाय, गाडी न्हाय," हे वाक्य मी बाराखडीच्या आधी शिकले असेन. आमच्या घरात अण्णांच्या होकाराला 'डबल बेल' म्हणायचे. ताईचं लग्न ठरलं ते डबल बेल मिळाल्यावर. मी बारामतीच्या कॉलेजात जायचं ठरलं, तेही. आई एरवी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही, पण म्हैस विकायच्या आधी तीसुद्धा विचारायची, "अवो, देताय का बेल?"

मी अठरा वर्षांची झाले त्याच्या आसपास शुगरनं अण्णांच्या किडन्या निकामी केल्या. आठवड्यातून तीनदा बारामतीला डायलिसिस सुरू झालं. जायचं एसटीनं, चार तास मशीनला पडायचं आणि पिळून काढलेल्या कपड्यासारखं होऊन पुन्हा एसटीनं यायचं. कधी आई बरोबर जायची, बहुतेक वेळा मी. कॉलेज तिथंच, त्यामुळे सगळे म्हणायचे, सोय झाली. सोय माझ्या पायांना विचारायची. स्टँडवर उभं राहून, गाडी लागली की पळून, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरून मी त्या वर्षी इतकी थकले होते की वर्गात बाकावर टेकलं की झोप यायची.

त्यात अण्णांनी एक दिवस जाहीर केलं, "तीनदा न्हाय, दोनदाच जाऊ. एवढी दगदग न्हाय सोसत." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असं एक-दोन आठवडे केलंत तर छातीत पाणी होईल, मग आमच्या हातात काही राहणार नाही. त्या रात्री जेवताना आईनं विषय काढला. जुनी का होईना, एखादी गाडी घेऊ. अण्णांच्या फंडातलं थोडं बाजूला होतं, तेवढ्यात बसेल अशी. लायसन मी काढलेलंच होतं, बारामतीच्या ड्रायव्हिंग स्कूलमधून. घरात एवढा मोठा ड्रायव्हर असून मला बाहेर शिकावं लागलं, कारण अण्णांचं म्हणणं असं की घरच्यानं शिकवलं की शिकणारा रडतो आणि शिकवणारा ओरडतो.

"बघू," अण्णा म्हणाले. त्यात बेल नव्हती, पण नकारही नव्हता. आम्ही बघायला लागलो.

गाडी बघणं म्हणजे मुलगी बघण्यापेक्षा वाईट. मुलीकडे निदान पोहे मिळतात. डायलिसिस नसेल त्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं कुठं कुठं जायचो, गाडी बघायचो, आणि एसटीनंच परत यायचो. पहिली गाडी भिगवणची, एका मासळीवाल्याची. इंजिन चांगलं होतं, भावही आमच्या आवाक्यातला. त्यानं डिकीत कापूर ठेवला होता, पुढं उदबत्ती लावली होती, पण दार उघडलं आणि उजनीतले सगळे मासे आत येऊन बसल्यासारखा वास आला. अण्णांना आजारपणात वासाचं वावडं झालेलं. ते रस्त्याच्या कडेला जाऊन ओकले. मासळीवाल्यानं बिचाऱ्यानं पाण्याची बाटली आणून दिली. "काका, उनात चार दिस उघडी ठेवली की जातोय वास," म्हणाला. ती गाडी नाही, हे मलाही पटलं.

दुसरी इंदापूरला, हायवेजवळ. तिथं जुन्या गाड्या टायरला पॉलिश आणि आरशाला झेंडूच्या माळा घालून ओळीनं उभ्या होत्या. मालक तरतरीत, बोलका. "काका, मीटर बघा, काय पळालीच न्हाय गाडी. डॉक्टरची हाय." अण्णांनी मीटर पाहिलंच नाही. ते सावकाश वाकले आणि ब्रेकच्या पायडलवर बोट फिरवलं. रबर झिजून आतलं लोखंड दिसत होतं. "मीटर एक बोलतंय, पायडल दुसरंच बोलतंय," ते म्हणाले. मालक हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मला अण्णांचा त्या दिवशी अभिमान वाटला, हे खरं. येताना बसमध्ये मी त्यांना लिमलेटची गोळी दिली.

तिसरी लाल होती. बारामतीतच, माझ्या कॉलेजच्या रस्त्यावर. छोटी, गोल डोळ्यांची. ती गाडी मला इतकी आवडली की मी तिच्यात बसून कॉलेजच्या फाटकातून आत शिरतेय, मैत्रिणी माना वळवून बघताहेत, इथपर्यंत मी मनातल्या मनात जाऊन आले. अण्णा आत बसले, उठले. "लय खाली हाय. खड्ड्यात बसल्यावानी वाटतंय." दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही.

मग चौथी, पाचवी, सहावी. एकीचा पत्रा ठोकून सरळ केलेला. एकीच्या क्लचला वास. एकीत बाई बोलते तशी काहीतरी कुरकुर, जी मला ऐकूच आली नाही. घरी आलो की आई दारातच विचारायची, "दिली का बेल?" मी चप्पल काढत मान हलवायची. आईनं विचारणंही हळूहळू सोडलं. तोवर अण्णांचे पाय सुजायला लागले होते. एका आठवड्यात त्यांनी खरंच दोनदाच डायलिसिस केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अंगात दम न्हाय," आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला त्यांच्या आजाराची काळजी वाटायची त्याहून जास्त आता त्यांचा राग यायला लागला होता. माणूस आजारी आहे म्हणून राग गिळायचा, आणि गिळलेला राग पचत नाही.

सुप्याची गाडी आली ती अशा दिवसांत. एका निवृत्त गुरुजींची. फिकट निळी, जरा उंच, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून तसंच. बारामतीला गाडी बदलून आम्ही सुप्याला पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. गुरुजींच्या बायकोनं ताक दिलं. अण्णांनी त्यांच्या पथ्याप्रमाणे दोन घोट घेतलं आणि कामाला लागले. बॉनेट उघडलं. ऑइलची काडी काढून पुसली, पुन्हा घातली, पुन्हा पाहिली. खाली वाकून पाहिलं. चारी चाकांवर बुक्की मारली. मला गावाबाहेरच्या माळावर एक चक्कर मारायला लावली आणि स्वतः रस्त्याच्या कडेला उभं राहून आवाज ऐकला. पायडलचं रबर नव्यासारखं होतं.

"डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासनं मी चालवायची सोडली," गुरुजी म्हणाले. "आता मुलगा त्याची गाडी चालवतो, मी मागं बसतो. मस्त झोप लागते बघा."

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग गाडीभोवती अजून एक फेरी मारली. आणि म्हणाले, "गाडी बरी हाय. पर रंग डोळ्याला बरा वाटंना."

रंग! ज्या माणसानं आयुष्यभर एकाच लाल रंगाची गाडी चालवली, ज्याला स्वतःच्या शर्टाचा रंग आई सांगेल तो, त्याला रंग आवडला नव्हता. मी परक्याच्या अंगणात उभी आहे हे विसरले.

"अण्णा, गाडीत खोट न्हाय. तुमाला शेजारच्या सीटवर बसायचं न्हाय, एवढंच हाय. सरळ सांगा की तसं. मग मी बी पळापळ थांबवते आन् तुमी बी खुशाल भिंतीकडं तोंड करून झोपा."

गुरुजींची बायको ताकाचे पेले उचलून आत गेली. गुरुजी सीटवरच्या प्लॅस्टिकची सुरकुती सरळ करत बसले. अण्णांनी बॉनेटवर हळूच हात टेकवला आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागले.

बारामतीला इंदापूरची गाडी लागायला वेळ होता. स्टँडवर आम्ही एका बाकावर बसलो. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक ड्रायव्हर समोरून गेला, "काय मास्तर, कसं काय?" म्हणाला. अण्णांनी हात वर केला. डाव्या हातावर डायलिसिससाठी शीर जोडलेली, ती फुगून दोरीसारखी दिसायची. तिच्यावर बोट ठेवलं की आत घरघर लागते. अण्णा तिला इंजिन म्हणायचे. तिच्यावर त्यांनी उजव्या हाताचा पंजा ठेवला.

"पोरी," ते म्हणाले, "सकाळी उटून स्टँडवर येतोय, गाडीत बसतोय, बारामतीला उतरतोय. मला वाटतंय, ड्यूटीवर चाललोय. समदे वळखतात. मशीनला पडतोय तेवडं सोडलं तर बाकी समदं पयल्यासारखंच हाय." मग म्हणाले, "दाराशी गाडी लागली, तू मला धरून बसवलंस, म्हंजे मी पेशंट झालो. कायमचा."

तुम्ही पेशंटच आहात, हे म्हणायला जीभ रेटली नाही. गाडी लागली. मी पळाले, रुमाल टाकला, त्यांना खिडकीशी बसवलं आणि घरापर्यंत उभी राहिले. आईनं दारात काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला आता गाडी नको होती, काहीच नको होतं, नुसतं झोपायचं होतं.

पुढच्या डायलिसिसला मीच बरोबर होते. लग्नसराई होती. परतीच्या गाडीला मुंगीलासुद्धा जागा नव्हती. मी रुमाल टाकला होता, पण आत पोहोचेपर्यंत तिथं एक बाई दोन लेकरं घेऊन बसली होती. तिला काय उठवायचं? ड्रायव्हर नवा, कंडक्टर नवा, अण्णांना ओळखणारं कुणी नव्हतं. ते उभे राहिले. वरचा दांडा धरायला उजवा हात पुरेना, म्हणून गर्दीत त्यांनी डावाही वर केला. सणसरच्या पुढं माझ्या बाहीवर काहीतरी ओलं लागलं. सुया काढल्यावर त्यांच्या डाव्या हातावर लावलेली पट्टी लाल झाली होती.

मी ओरडले. लोकांनी लगेच जागा केली. कुणीतरी पाणी दिलं, कुणीतरी स्वच्छ रुमाल. माणसं वाईट नव्हती, त्यांना माहीत नव्हतं एवढंच. मी अण्णांच्या हातावर रुमाल दाबून धरला आणि तसाच दाबून ठेवला. रक्त थांबलं. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते, समोर ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत होते. आमच्या गावी, अंथुर्ण्याला उतरल्यावर झाडाखाली उभं राहून म्हणाले, "त्या सुप्याच्या गुरुजीला फोन लाव. गाडी हाय का, इचार."

गाडी होती. गुरुजींच्या बायकोनं तिला हळदीकुंकू लावून, नारळ देऊन पाठवलं. आईनं इथं भाकरतुकडा ओवाळून उतरवून घेतलं. गल्लीतल्या लोकांनी "जुनी का घेतली" आणि "पोरगी चालवनार व्हय?" हे दोन प्रश्न विचारून घेतले, आणि घरोघर गेले.

पहिल्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. चारी चाकांवर बुक्की मारली. आई मागं बसली. ते पुढं, माझ्या डावीकडे बसले, पट्टा लावला आणि हात मांडीवर ठेवून समोर बघू लागले. मी गाडी चालू केली. आणि थांबले. खरं सांगायचं तर ठरवून नाही, पाय उचलेना.

"सुटायचं न्हाय का?" अण्णा म्हणाले.

"बेल दिली न्हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर. त्यांनी उजवा हात उचलला आणि डॅशबोर्डवर बोटाच्या पेरानं वाजवलं. टक, टक. मी क्लच सोडला आणि गाडी जागच्या जागी बंद पडली. मागून आई म्हणाली, "गेलो आता बारामतीला!" अण्णा हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. मी पुन्हा चालू केली. त्यांनी पुन्हा दोनदा वाजवलं.

याला आता काही वर्षं झाली. निळा रंग ठिकठिकाणी उडालाय. सीटवरचं प्लॅस्टिक आईनं एका उन्हाळ्यात काढून टाकलं. आठवड्यातून तीनदा तोच रस्ता, उसाच्या ट्रॉल्या, तेच मशीन, तोच बाक. मी कंटाळते, आई कंटाळते, अण्णा तर कधीचेच कंटाळलेत. त्यांचा उजवा पाय अजून माझ्याबरोबर ब्रेक दाबतो, पण वाटेत गाडी थांबव असं त्यांनी मला एकदाही म्हटलेलं नाही.

अलीकडे कधी कधी सकाळी त्यांचा हात उचलत नाही. पट्टा मीच लावते. गाडी चालू करते आणि थांबते. आई मागून म्हणते, "निघ गं, उशीर होतोय." मी काही निघत नाही. अण्णा डोळे मिटून बसलेले असतात, हात मांडीवर. मी त्या हाताकडे बघत राहते.

आतापर्यंत दर वेळी बेल आली आहे.