कस्टमर केअरला ऐकू आलेला आवाज

या सदरातले अनुभव मी वाचते ते बहुतेक वेळा त्यातल्या चुका काढायला. माझी एकवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेली. लाइनवरची खरखर, घुमणारे आवाज, मध्येच घुसलेलं तिसऱ्याचं बोलणं... प्रत्येकाला कारण असतं आणि ते बहुधा एखाद्या ओल्या केबलमध्ये सापडतं. भुतंखेतं माझ्या डोक्यात कधी शिरली नाहीत, आजही शिरत नाहीत. जे झालं तेवढं लिहिते.

२००७ चा जानेवारी. कोल्हापुरात कळंब्याला तलावाच्या बाजूला आमचं घर, नवीनच बांधलेलं. घरात मी, मिस्टर आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. माहेर त्यांचं संकेश्वरकडचं, तिकडं सगळं कानडी. लग्न होऊन नेसरीला आल्या आणि पुढची पन्नास वर्षं मराठीतच बोलल्या, मराठीतच भांडल्या. मला कानडी ‘ऊटा आयता’, म्हणजे जेवण झालं का, याच्या पुढे येत नाही. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. हुंकारसुद्धा नाही. त्यात जुना डायबेटिस.

माझे धाकटे दीर पुण्याला असतात. त्यांनी संक्रांतीला येताना युनिव्हर्सल रिमोट आणला. टीव्ही, सेटटॉप बॉक्स, सीडी प्लेअर, सगळं एकाच रिमोटवर. बटणं मोठी, डाव्या हाताला जमतील अशी. किंमत ऐकून मी म्हटलं, एवढ्यात दुसरा टीव्ही आला असता.

“वैनी, अव्वासाठी आणलाय, तुमच्यासाठी न्हाय,” दीर म्हणाले. आईला ही भावंडं अव्वा म्हणतात.

आठ दिवस रिमोट बरा चालला. नंतर रोज सकाळी तो सगळे कोड विसरायला लागला. पुस्तिकेत बघून कोड परत टाकले की तासभर चाले, मग आवाज वाढवायला जावं तर चॅनल बदले. जुने रिमोट दिरांनी ‘आता कशाला’ म्हणून टाकून दिले होते.

आणि त्याच सुमारास आत्याबाई रडायला लागल्या. आवाज नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी. डाव्या हातानं तो रिमोट पलंगाच्या दांडीवर आपटत राहायच्या. जेवण निम्म्यावर आलं. त्यांचं करायला कसबा बावड्याहून शेवंताबाई यायच्या. त्यांचं निदान तयार होतं.

“शिरेल चुकली न्हवं का वैनी. म्हातारीचं तेवढंच तर हाय. रिमोट नीट करा, गप व्हतील बघा.”

मलाही तसंच वाटलं. बाईंच्या हाताशी राहिलेली ती एकच सत्ता, तीही चालेना. डॉक्टर फोनवर म्हणाले, झटक्यानंतर पेशंट असे हळवे होतात. तेव्हा मी ठरवलं, रिमोट दुरुस्त करून घ्यायचा.

आमचा फोन आत्याबाईंच्या खोलीतच होता, पलंगापासून चार हातांवर, आणि टीव्हीही तिथंच. टीव्ही समोर असल्याशिवाय कस्टमर केअरवाले पुढचं बोलतच नाहीत. सोमवारी सकाळी अकराला पहिला फोन लावला. वीस मिनिटं सनई ऐकली. मग एक मुलगी आली. कोल्हापूर म्हटल्यावर मराठीत बोलायला लागली.

“मॅडम, बॅटरी काढा. पाच मिनिटं थांबा. परत घाला.”

“तीनदा केलंय ते.”

“एकदा माझ्यासमोर करा ना मॅडम. आणि... मागे कोणीतरी ‘काल, काल’ म्हणतंय. म्हणजे प्रॉब्लेम काल सुरू झाला का?”

मी वळून बघितलं. खोलीत आत्याबाई आणि मी, दोघीच. आत्याबाई छताकडे बघत होत्या, ओठ मिटलेले.

“काल नाही, चार दिवस झाले. आणि मागे कोणी बोलत नाहीये. तुमच्या लाइनवर क्रॉस कनेक्शन असेल.”

तिनं तरीही ‘बिघाड कालपासून’ असंच लिहून घेतलं. नंतर वाचून दाखवलं तेव्हा मी तिच्याशी दहा मिनिटं भांडले. तारखेवरून!

मंगळवारी हिंदी बोलणारा मुलगा. लाल दिवा दोनदा मिचकेपर्यंत सेटअप दाबा, चार आकडी कोड टाका, दिवा विझला की सोडा. दिवा विझेना. मध्येच तो म्हणाला, “पीछे माताजी बोल रही हैं ना, कल? ठीक है मॅडम, कल बात करते हैं,” आणि फोन ठेवला. बुधवारी सकाळी चौकशी केली तर ‘ग्राहकाच्या विनंतीवरून तक्रार बंद’. मी तिथं काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

पण ऑपरेटरची सवय जात नाही. आपल्या खोलीतला आवाज रिसीव्हरमध्ये आपल्याला बारीक ऐकू येतो. मी कान देऊन ऐकत होते. घड्याळाची टिकटिक होती, रिमोट दांडीवर आपटत होता. माणसाचा आवाज नव्हता. क्रॉस कनेक्शन असेल तर ते मलाही ऐकू यायला हवं.

बुधवारीच मी वरच्या माणसाची मागणी केली. त्यांनी फोन बेंगळुरूला जोडला. तिथला माणूस वयानं जरा मोठा वाटला. मी सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला लागले. तो मध्ये एकदाही बोलला नाही. मग मोडक्या हिंदीत म्हणाला, “मॅडम, रिमोट छोड़िए. पहले अज्जी का पैर देखिए.”

“कोणाचा?”

“पीछे अज्जी बोल रही हैं. काल नोड, काल उरितैती. काल मतलब पैर. पैर देख, पैर जल रहा है. बहुत बार बोला.”

मी फोन तसाच ठेवून पलंगाकडे गेले. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. पांघरूण वर केलं. त्या आठवड्यात थंडी होती म्हणून रात्री पायाशी गरम पाण्याची पिशवी मीच देत होते. शेवंताबाई अंग पुसायच्या, पण “थंडी हाय, मोजं ऱ्हाऊ द्यात,” म्हणाल्या होत्या, आणि मी बरं म्हटलं होतं. उजव्या पायाचा मोजा काढायला गेले तर तो निघेना. कात्रीनं कापला. वास आला. बोटं आणि अर्धा तळवा काळा पडला होता, वर घोट्यापर्यंत लाली चढलेली.

त्याच दुपारी ॲडमिट केलं. दोन दिवसांनी पाय गुडघ्याच्या वर काढावा लागला. सर्जन म्हणाले, “तीन दिवस आधी आणलं असतं तर बोटांवर भागलं असतं.”

मी विचारलं, “त्यांना दुखत असेल ना?”

“नाही हो. ह्या पायाला संवेदनाच नाही. कळलं असतं तर एवढं वाढलं कशाला असतं?”

शनिवारी त्या बेंगळुरूच्या माणसानं स्वतःहून फोन करून विचारलं, अज्जी कैसी हैं. मी सांगितलं. मी विचारलं, आवाज कसा होता, लांबून, बारीक?

“नहीं मॅडम. ज़ोर से. मेरी अज्जी भी उधर की है, ऐसे ही बोलती है.” मग म्हणाला, “आप तो पास में थीं. आपको सुनाई नहीं दिया?”

मी म्हटलं, त्यांना दोन वर्षं वाचा नाही. त्यानं विश्वास ठेवला नाही. बाई स्वतःची चूक झाकते आहे असंच त्याला वाटलं असणार.

‘कॉल रेकॉर्ड केला जातो’ असं ते दरवेळी ऐकवतात, म्हणून मी रेकॉर्डिंग मागितलं. रजिस्टर्ड पत्र पाठवलं, पुन्हा आठवणीचं पत्र पाठवलं. रेकॉर्डिंग आलं नाही. कुरिअरनं नवीन रिमोट आला. तो उत्तम चालला. आत्याबाईंनी त्याला हात लावला नाही.

लोकांनी मला कारणं दिली. शेवंताबाई म्हणाल्या, “देवीच बोलली वैनी.” मिस्टर म्हणाले, अव्वा खरंच बोलली असेल, तू भांडणाच्या नादात असशील. मी भांडत होते हे खरं. पण सोमवारी मी वळून बघितलं होतं, ओठ मिटलेले होते. तीन दिवस, तीन माणसं, आणि शब्द एकच.

घरी आणल्यावर आत्याबाई आणखी चार महिने होत्या. त्या काळात मी कस्टमर केअरला कितीतरी फोन केले, रिमोटचं काहीतरी निमित्त काढून. दरवेळी विचारायची, मागे कोणी बोलतंय का? नाही मॅडम, फक्त फॅनचा आवाज येतोय. शेवटी एकदा मी रिसीव्हर ताणून आत्याबाईंच्या तोंडाजवळ धरला आणि म्हटलं, “बोला. काय असेल ते बोला, आता मी ऐकते.”

रिसीव्हरमधून तो मुलगा हॅलो, हॅलो करत राहिला. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.