तिसऱ्या खान्याची रेघ

नंदनवन भागातल्या घरून मी सकाळी साडेसातलाच स्कूटीवर निघायचे. मे महिन्यात नऊनंतर तोंडाला दुपट्टा गुंडाळूनही चटके बसतात. मी कारखान्यात पोचेपर्यंत आमचं कपाट, म्हणजे कपाटाएवढं वीजयंत्र, चालू झालेलं असायचं. त्यात बारा खाने होते. प्रत्येक खान्यात वीज साठवणारे कपॅसिटरचे डबे, आणि तो खाना रांगेत घेणारे किंवा बाजूला ठेवणारे दोन इलेक्ट्रॉनिक स्विच. एकेक खाना जोडत-सोडत विजेची लाट पायरीपायरीनं घडवायची, असं ते यंत्र. डबे सेकंदाला पन्नासदा भरत आणि उतरत.

त्या डब्यांचं माप मी ठरवलं होतं. साहेबांना कपाट लहान हवं होतं, म्हणून प्रत्येक खान्यातले डबे मी सहावरून चारावर आणले. डबे कमी झाले की व्होल्टेजचा चढउतार वाढतो, आणि उरलेल्या डब्यांच्या वाट्याला जास्त करंट येऊन ते तापतात. वर स्विच तापू नयेत म्हणून मी त्यांची उघडझापही कमी केली. खरं तर त्या उघडझापेमुळेच सगळे खाने एका पातळीवर राहतात. गणित अगदी काठावर जमलं होतं, आणि ते मी थंडीच्या दिवसांत केलं होतं.

जोडणीचं काम एक काका बघायचे. घरचा माग बंद पडल्यावर या कामाला लागलेले, उमरेडहून रोज एसटीनं येणारे. एका सकाळी ते कपाटाच्या जाळीला कान लावून उभे होते.

"मॅडम, तिसरा खाना वेगळाच वाजून राहिला."

"पडद्यावर बघा ना काका. बाराही रेघा सोबत आहेत."

"अकरा सोबत आहेत," ते म्हणाले.

तिसऱ्या खान्याच्या व्होल्टेजची रेघ खरोखर बाकीच्यांपेक्षा थोडी वर चढून थोडी जास्त खाली यायची. मी दोष व्होल्टेज मोजणाऱ्या सेन्सरवर ढकलून मोकळी झाले. दुपारी त्याच रेघेपायी यंत्र दोनदा आपोआप बंद पडलं. दुसऱ्या दिवशी साहेब पाहुण्यांना घेऊन येणार होते. ज्या व्होल्टेजला यंत्र आपोआप बंद पडतं, ती मर्यादा मी संगणकात जाऊन वाढवली आणि कोणाला सांगितलं नाही. यंत्र मुकाट चालू लागलं. घरी जाताना मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

पाहुणे येऊन, बघून, समाधानानं गेले. तीनच्या सुमाराला हॉलमध्ये मासळीसारखा वास येऊ लागला. कूलरच्या पाण्याचा असेल, असं मी आधी म्हटलं.

"सकाळपासून येऊन राहिला," काका म्हणाले आणि जाळीपाशी वाकले.

"काका, मागे या," म्हणत मी यंत्र बंद करायच्या लाल बटणाकडे निघाले. चार पावलांचं अंतर होतं. दुसऱ्या पावलाला तिसऱ्या खान्यातला डबा फुटला. आवाजानं कान बधिर झाले, जाळीतून पांढरी वाफ आली, आणि आतलं कढत द्रव काकांच्या मानेवर आणि हातावर उडालं. ते खाली बसले आणि आपल्या हाताकडे बघत राहिले.

पंधरा दिवसांनी मी उमरेडला त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा दिला. काका खाटेवर होते, कोपरापर्यंत पट्टी.

"मॅडम, एक विचारू? आदल्या दिवशी तर दोनदा बंद पडलं होतं. त्या दिवशी काहून नाही पडलं?"

सेन्सरचं कारण तेव्हाही सांगता आलं असतं.

"मी मर्यादा वाढवली होती," मी म्हणाले.

काकू दारातच थांबल्या.

"मले सांगतलं असतं," काका म्हणाले, "तर मी दूर उभा राहिलो असतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

अपघाताच्या अहवालात मी तेच लिहिलं. साहेबांनी तो दोनदा वाचला, दर खान्यात सहा डब्यांचं मोठं कपाट मंजूर केलं आणि मला कामावर ठेवलं. काका पावसाळ्यात परत आले, पण त्यांनी दुसरा विभाग मागून घेतला. जेवणाच्या सुट्टीत समोर आलो की ते मान हलवतात. मीही हलवते, आणि डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जाते.