लोणीच्या गच्चीवरच्या सळया

शोभाताई माझी मावसबहीण, लग्न होऊन लोणी काळभोरला गेलेली. तिचा फोन आला, "रविवारी ये गं. वरच्या मजल्याचा नारळ फोडायचाय. अन् तुझी ती इंजिनीअर मैत्रीण हाय ना, तिलाबी आण. एकदा बघू दे तिला." मी शनिवार पेठेतून फार तर मंडईपर्यंत जाणारी, पण वैदेही लगेच तयार झाली, म्हणून मीही निघाले.

स्वारगेटहून बस, हडपसरला बदलायची. तिकीट किरकोळ. तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. नंतर सोलापूर रस्ता हलत नाही. फाट्यावरची भजी समोर तळत असतील तरच घ्या.

पोचताच भाऊजींनी कौतुकाने गच्चीवर नेलं. प्रत्येक खांबातून सळया वर आलेल्या, टोकांना प्लॅस्टिकच्या उलट्या बाटल्या, मधल्या दोरीवर साड्या. घर बांधलं तेव्हा त्यांचा मुलगा राहुल पाळण्यात होता. त्याच्या मजल्यासाठी भाऊजींनी सळया मोकळ्या सोडल्या; त्या गल्लीत सगळेच सोडतात. आता राहुल बायकोसह हडपसरला भाड्याच्या खोलीत राहतो. मजला झाला की येणार.

वैदेहीने सळईवरून बोट फिरवलं. गंजाचा पापुद्राच सुटून आला. खाली येऊन तिने खांबांवर हातोडीने हलकेच ठोकून पाहिलं. दोन ठिकाणी आवाज पोकळ.

"हल्ली पाऊस कसा पडतो तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"पडतो कसला, ओततोय. मग पुन्हा भाजून काढतंय," भाऊजी म्हणाले.

"ते पाणी या सळयांवरून खांबात उतरतं. लोखंड गंजून फुगतं, काँक्रीट फोडतं. त्यावर मजला चढवलात आणि जमीन जरा हलली, तर?"

"भूकंप तिकडं कोयनेला. हितं काय न्हाय."

"हो, त्याला लोणीची बस मिळत नसेल."

भाऊजी हसले नाहीत. पोरासाठी इतकी वर्षं राखलेल्या सळयांनीच घर पोखरलं होतं. त्यांच्याकडे बघवेना.

शोभाताई नारळ घेऊन उभी होती. "पोराला छप्पर द्यायचंय," ती म्हणाली, "त्याच्या अंगावर पाडायचं न्हाय." आणि नारळ परत देवघरात ठेवून आली. पिठलं-भाकरी झकास होती, पण भाऊजी पानावर आले नाहीत.

घरी आल्यावर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. एका भेगेवरून रंग फिरवलेला. मी टकटक करताच सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, आत कोणी राहत नाही." बैठकीत हा विषय काढायचा, हे मी तिथेच ठरवलं. मनात मात्र एकच टोचणी होती, एका बापाचं घर आपण रिकामं ठेवून आलो.

परवा शोभाताईचा फोन आला. मजला रद्द, आधी खांबांची दुरुस्ती. फोन भाऊजींना द्यायला सांगितला, तर त्यांनी घेतला नाही. पण मागून त्यांचा आवाज आला, "तिला सांग, हॉलमधी पडदा लावून राहुलची खोली केलीय. पोरं आईतवारी ऱ्हायला येत्यात."