खांद्यापर्यंतच जाणारा डावा हात

कंपनीत किस्से साचतात कसे, माहितीये? पहिल्या शिफ्टला माणसं अर्धवट झोपेत येतात, आणि त्या झोपेत जे सुरू होतं ते बंद करायचं त्राण पुढे कुणाच्याच अंगात उरत नाही. आमच्या महाळुंग्याच्या, गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीतल्या व्यायामाचंच बघा.

*

शिफ्टच्या आधी सगळ्यांनी लाइनवर व्यायाम करायचा, असं वरून ठरलं. शिकवायला एक ट्रेनर आला, एकदा हातपाय हलवून दाखवले, चहा घेतला आणि गेला तो गेलाच! मग पुढे उभं कोण राहणार? लाइन लीडर बबनभाऊ. गावातलेच. गोठा उरकून यायचे, म्हणून निदान जागे तरी असायचे.

*

पुढे बबनभाऊंचा डावा खांदा धरला. ते आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे. उजवा हात वर, डावा खांद्याशीच अडकलेला. मागे आम्ही सगळे तस्सेच. लातूरहून नवीन आलेल्या पोरीने मला विचारलं, डावा अर्धाच का? सकाळी सकाळी मला बोलायचा वैताग. म्हटलं, "विचारू नको बाई, कर." पुढच्या भरतीला तिनेच ते शिकवलं.

*

मग एचआरच्या मॅडमनी व्हिडिओ काढला, 'हाफ लिफ्ट' असं नाव दिलं आणि दुसऱ्या प्लांटला पाठवला. तिकडूनही तोच प्रश्न आला. मॅडमनी बिनदिक्कत सांगितलं, "त्या बाजूला हार्ट असतं ना!"

*

कहर म्हणजे एका रविवारी निगडीच्या बागेत मी जरा हातपाय मोकळे करत होते, तर एका काकूंनी मला थांबवलं. डावा हात एवढा वर नेऊ नका, त्रास होतो म्हणे. त्यांच्या सुनेने कंपनीतून शिकून आणलं होतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा सुटका नाही, राव. मी आपली बाकावर जाऊन बसले.

*

आम्ही हसायचो, पण बबनभाऊंची झोप उडाली होती. कंपनीचं मेडिकल, म्हणजे वर्षाची तपासणी, जवळ आलं होतं. वरच्या रॅकमधून फ्रेम उतरवायला दोन्ही हात लागतात. हात वर गेला नाही की लाइन सुटते, गेटवर बसवतात, आणि गेटवर बसवलेला माणूस आमच्याकडे फार दिवस टिकत नाही. "हात वर जात न्हाई, ताई. कुनाला बोलू नका," असं ते मला म्हणाले होते. बायको रोज तेल लावून चोळायची, आणि ते जेवणाच्या सुट्टीत भिंतीवर बोटं चढवत बसायचे. बघून फार वाईट वाटायचं.

मेडिकलच्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे पुढे उभे राहिले. डावा हात खांद्यापर्यंत आला, आणि वर चढतच गेला. थेट कानाला लागला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ते नुसते आपल्या बोटांकडे बघत उभे.

तेवढ्यात मॅडम पुढे झाल्या. आवाज अगदी गोड. "बबनभाऊ, डावा खांद्यापर्यंतच हं. मागचे सगळे चुकतील."

बबनभाऊंनी वळून पाहिलं. सगळ्यांचे डावे हात खांद्याशी थांबले होते, माझासुद्धा.

"व्हय मॅडम," ते म्हणाले, आणि त्यांनी हात खाली घेतला.