तट्टूचा पाय आणि माझे कान

घोड्याला अहो-जाहो आणि माणसाला अरे-तुरे करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा घरमालक होता. लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. कचेरीच्या पाट्यांचा रंग अजून वाळायचा होता, उस्मानाबादेहून फायलींचे गठ्ठे येत होते आणि त्या गठ्ठ्यांच्या मागोमाग मीही बदलून आलो. गाव अनोळखी, त्यात दुष्काळ. खोली शोधत एका पत्र्याच्या घरासमोर उभा राहिलो, तर पांढऱ्या टोपीतल्या म्हाताऱ्याने मला खालून वर न्याहाळून विचारलं, "ए साहेब, वजन किती तुझं?" अठ्ठेचाळीस किलो, मी म्हणालो. "मग ऱ्हा," ते म्हणाले. भाडेकरूचं वजन विचारणारा घरमालक मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

त्यांना सगळे मामा म्हणत. त्यांचा टांगा होता, म्हणजे दांड्या टेकून अंगणात उभा होता, कारण तट्टू आजारी. पुढच्या डाव्या पायाची शीर सुजली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तीन महिने आराम, मग नुसतं चालवा, मग रिकामा टांगा, मग हळूहळू ओझं. घाई केली तर पाय कायमचा जाईल. विकून टाका, असंही ते जाता जाता म्हणाले, म्हणून मामा त्यांना रस्त्यात ओळख देत नसत. मामी जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी तिकडे उदगीरला दिलेली. घरात बोलायचं ते तट्टूशीच. "अहो, पाय उचला की जरा. दुखतंय का? बरं, ऱ्हाऊ द्या, सावकाश उचला." आणि लगेच माझ्याकडे वळून, "ए साहेब, मधी उभा ऱ्हाऊ नको!"

डॉक्टरांनी पायावर गार पाण्याची धार धरायला सांगितली होती. टँकर यायचा दोन दिवसांआड, वाट्याला येणार चार घागरी. मामांनी तोड काढली. मी घमेल्यात उभा राहून अंघोळ करायची आणि ते पाणी तट्टूच्या पायावर जायचं. साबण बंद. "त्यांच्या कातडीला सोसत न्हाई," मामा म्हणाले. माझ्या कातडीचा विषय निघालाच नाही. तो सगळा उन्हाळा मी बिनसाबणाचा कचेरीत जात होतो, आणि शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ खिडकीकडे सरकत चालले होते.

महिना-दीड महिना मामांनी तट्टूला हाताने धरून चालवलं. मग रिकामा टांगा जोडला, आणि एके दिवशी म्हणाले, "बस साहेब." हलकं ओझं म्हणजे मीच! त्या दिवसापासून माझी स्वारी रोज टांग्यातून कचेरीला निघू लागली, आणि ती अशा वेगाने की पायी चालणारी माणसं आम्हाला मागे टाकत. गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेला वळसा घातला की मामा तट्टूला दहा-वीस पावलं दुडकी चालवत आणि मला ओरडून विचारत, "आवाज कसा यायलाय?" मामांना एका कानाने ऐकू येत नसे आणि दुसऱ्याने सोयीपुरतं येई. तेव्हा ऐकायचं काम माझ्याकडे. टापा सारख्या पडल्या तर पाय बरा. एक जोरात, एक दबकी पडली तर अजून दुखतोय. मी कान टवकारून सांगायचो, "दबकी आहे मामा." मग पुन्हा चालत. वाटेत मामा जगाला शिव्या देत, मला दोन-चार देत, मी हसत असे. खरं सांगतो, दिवसभरात माझ्याशी कुणी मोकळेपणाने बोलायचं ते तेवढंच. कचेरीत सगळे आपापल्या गावाकडे डोळे लावून बसलेले, आणि खोलीवर पाल.

म्हणून मी ते पाप केलं. एका सोमवारी टापा स्वच्छ, सारख्या वाजल्या. मामांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दबकी आहे अजून." मंगळवारी तेच. बुधवारी तेच. पाय बरा झाला की टांग्यात चार सवाऱ्या बसणार, माझी जागा जाणार, हे मला कळत होतं. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी पाहिलं, तर कडबा संपलेला आणि मामा आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून तट्टूच्या तोंडाशी धरत होते. "घ्या, लाजू नका," म्हणत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टांग्यात बसायच्या आधीच मी सांगून टाकलं. "मामा, पाय बरा आहे. आठ दिवसांपासून बरा आहे. मी खोटं बोललो."

मला वाटलं, आता चाबूक माझ्यावर. मामा दांडीचा पट्टा आवळत राहिले. "म्हाईत हाय," ते म्हणाले. "अरे, लंगडं जनावर दुखऱ्या पायावर मान उडवतं. तीस वर्सं त्या मानंकडं बघायलोय मी. आठ दिस झाले, हलली न्हाई."

"मग सवाऱ्या घ्यायच्या होत्या की! थांबलात कशाला?"

"सवाऱ्या बसल्यावर तू कुठं बसतोस? गावात तुझं कोण हाय?" मग नेहमीच्या आवाजात खेकसले, "बस आता, उशीर व्हायलाय त्यांना."

त्या दिवशी त्यांनी मला कचेरीच्या दारापर्यंत दुडकी चालीने सोडलं. दुसऱ्या दिवसापासून टांगा स्टँडवर लागला, चार सवाऱ्या भरून, आणि मी पायी जाऊ लागलो. गंजगोलाईत कधी गाठ पडली तर मामा तट्टूला म्हणत, "अहो, साहेब चाललेत बघा." मला मात्र काहीच म्हणत नसत, सवाऱ्यांना घाई असे. मी हात करायचो आणि टांगा दिसेनासा होईपर्यंत उभा राहायचो. पाय बरा झाल्याचा आनंद मलाही होता. पण त्या रस्त्याने एकट्याने चालताना कचेरी फार लांब वाटायची.